खिळे कोणी ठोकले

तिमारूच्या नगरपालिकेतली वरच्या मजल्यावरची खोली
सुनावणीसाठी घेतली होती.
पाण्याचा जग, चार ग्लास, बिस्किटांची बशी
जिला दिवसभर कोणी हात लावला नाही.
मंडळाचे तिघे टेबलापलीकडे. अलीकडे
इवर ड्रमंड, परवानाधारक बांधकाम व्यावसायिक,
स्वतःच्या लग्नातला कोट घालून आलेला.
काखेतली उसवत चाललेली शिवण
मला मागूनही दिसत होती.

मी साक्षीदार क्रमांक तीन.
याच माणसानं मला हातोडा धरायला शिकवलं :
"मान कोंबडीची धरतात, पोरा.
हातोड्याची नाही. खाली धर, शेवटाला,
आणि वजनाला त्याचं काम करू दे."
सोळाव्या वर्षी घरातून बाहेर पडलो
तेव्हा दोन महिने त्याच्या शेडमध्ये झोपलो,
भुशाच्या पोत्यांवर. तो सकाळी
दार वाजवायचा, मग आत यायचा.
हे तक्रारीत नव्हतं.
कोणी विचारलंही नाही.

विचारलं ते असं :
खिडक्यांच्या माथ्यावर पत्र्याची पट्टी होती का?
नव्हती.
न्हाणीघराच्या फरशीखाली जलरोधक थर किती?
एक.
कागदावर?
दोन.
भिंतीतलं लाकूड?
कच्चं. तो म्हणाला होता,
आत गेलं की सगळं लाकूड सारखंच.

मेरेआना रुआटाने पहिल्या रांगेत.
लोकरीच्या गिरणीत एकतीस वर्षं,
त्या एकतीस वर्षांचं हे घर.
तिनं आइस्क्रीमचा रिकामा डबा आणला होता.
झाकण काढून टेबलावर ठेवला :
झोपायच्या खोलीच्या भिंतीतला तुकडा,
बोट लावलं तर ओल्या केकसारखा आत जाणारा.
अध्यक्षबाईंनी डबा जवळ ओढला,
आणि मग बिस्किटांची बशी थोडी लांब सरकवली.
मेरेआना चिडली नाही. एवढंच म्हणाली,
"दक्षिणेचा वारा सुटला की भिंत घाम गाळते.
नातीचा पलंग तीनदा हलवला मी.
आता खोलीत भिंतच उरली नाही."

इवरनं वकील केला नव्हता.
"साक्षीदाराला काही विचारायचंय?"
तो उठला. कोट सारखा केला.
"मागच्या भिंतीचे खिळे कोणी ठोकले, कॅलम?"
मी.
"दोनाच्या जागी एक ठोकतोयस, कळत होतं?"
कळत होतं.
"मग बोलला का नाहीस?"

टाइप करणाऱ्या मुलीची बोटं थांबली.
एकोणीस वर्षांचा होतो.
शुक्रवार होता, पगार तुमच्या खिशात होता.
बाहेर पाऊस भरून आला होता.
सगळं खरं. यातलं काहीच मी म्हणालो नाही.
म्हणालो, "माहीत नाही."
तो खाली बसला.
जिंकल्यासारखा नाही.
मी कापलेला सांधा नीट बसला नाही
की तो तसाच बसायचा, उलट्या बादलीवर,
हात गुडघ्यांवर, पुन्हा दाखवायला.

पाच आठवड्यांनी निकाल टपालानं आला.
परवाना दोन वर्षं निलंबित. दंड. सुनावणीचा खर्च.
नाव नोंदवहीत जाहीर, कोणालाही वाचता येईल असं.
माझं नाव कुठे नाही.
परिच्छेद बेचाळीस : "एक शिकाऊ कामगार."
तेवढा एक परिच्छेद मी घडी करून
व्हॅनच्या कप्प्यात ठेवलाय, माझ्या परवान्याखाली.

शनिवारी मेरेआनाकडे जातो. पैसे घेत नाही,
तीही विचारत नाही. भिंत उघडतो.
सुक्या लाकडातून खिळा निघताना किंचाळतो.
इथला निघतो तो
आवाजच करत नाही.

सामान आणायला दुकानात गेलो
तर काउंटरमागे इवर, हिरवा एप्रन घालून.
मला वाटलं वळावं. वळलो नाही.
"जस्ताचे, नव्वद मिलिमीटर," मी म्हणालो. "दोन किलो."
त्यानं तराजूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"मागची भिंत?"
मी मान हलवली.
"चार ने," तो म्हणाला,
आणि मोजायला लागला.